सकाळी उतरणारा षड्ज : एका जुन्या रेकॉर्ड प्लेयरच्या गतिदोषाचे प्रकरण

पंचवटीत राहणारे आणि पेटीची शिकवणी घेणारे एक ज्येष्ठ गृहस्थ (पुढे त्यांचा उल्लेख गुरुजी असा केला आहे) ऐन जानेवारीत तक्रार घेऊन आले, तेव्हा ती तक्रार यंत्राच्या भाषेत नव्हती, सुराच्या भाषेत होती. ज्या एलपीचा षड्ज काळी एकवर लागतो हे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक होते, तोच षड्ज सकाळी साडेसहाला पांढरी एकपाशी येऊन टेकत असे, आणि तासाभराने पुन्हा वाजवला तर दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अधांतरी राहत असे. शिवाय लांब धरलेल्या स्वराला एक बारीक, खरखरीत थरथर येत होती. "गवयाचा नाही, यंत्राचा घसा बसलाय," असे त्यांचे निदान होते, आणि आग्रह एवढाच होता की गतीचा नॉब फिरवून सूर मिळवून द्यावा, बाकी यंत्राला हात लावू नये.

तो नॉब आधीच वेगाच्या शेवटच्या टोकाला फिरवलेला होता. या जातीच्या यंत्रात हा नॉब मोटरचा वेग वाढवत नाही, फक्त कमी करतो: मोटरच्या दांड्यावर अॅल्युमिनियमची एक चकती असते, तिच्याजवळ चुंबक सरकवला की चकतीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि मोटरला हलका ब्रेक लागतो. नॉब वेगाच्या टोकाला असणे म्हणजे ब्रेक पूर्ण सुटलेला असणे. ब्रेक पूर्ण सुटूनही थाळी मागे पडत असेल, तर मोटरची ताकद दुसरीकडे कुठेतरी खर्ची पडते आहे, आणि ती कुठे पडते हे न शोधता वेग वाढवण्याचा कोणताही उपाय हा मूळ दोषावर पांघरूण घालण्याचाच प्रकार ठरतो. तसा एक उपाय या यंत्रावर पूर्वी झालेलाही होता. पण तो यंत्र उघडल्यावरच दिसला.

यंत्राची रचना

यंत्र इंग्लंडमध्ये बनलेले, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातले, मधल्या रबरी चाकावर चालणाऱ्या जातीचे आहे. गॅरार्डची ३०१ (१९५४) आणि ४०१ (१९६५) ही प्रसिद्ध मॉडेले याच कुळातली. स्वित्झर्लंडच्या लेंको एल७५ मध्ये पायऱ्यांच्या पुलीऐवजी निमुळता दांडा असतो, पण तत्त्व तेच. मोटरच्या दांड्यावरच्या पुलीला पायऱ्या असतात, त्यांतल्या एका पायरीला रबरी कडेचे आयडलर चाक टेकते, आणि त्याच चाकाची दुसरी बाजू जड थाळीच्या आतल्या कडेला टेकून थाळी फिरवते. या यंत्रात थाळीच्या आतल्या कडेचा व्यास २७० मिलिमीटर आणि ३३⅓ च्या पायरीचा व्यास सुमारे ६.४ मिलिमीटर आहे.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा, कारण जुन्या बाजारात तो सर्रास ऐकू येतो. आयडलर चाक झिजून लहान झाले म्हणून थाळी मंद झाली, असे पुष्कळजण सांगतात. प्रत्यक्षात चाकाचा व्यास गतीच्या गणितात येतच नाही. पुलीच्या कडेचा वेग चाक आहे तसा थाळीच्या कडेला पोहोचवते, एवढेच त्याचे काम. चाक लहान असो वा मोठे, थाळीची गती पुलीचा व्यास, थाळीच्या कडेचा व्यास आणि मोटरचे फेरे या तिघांवरच ठरते. चाकामुळे गती कमी होते ती फक्त ते घसरू लागले तर. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात मात्र पट्ट्याची जाडीसुद्धा हिशेबात धरावी लागते, कारण ती पुलीच्या परिणामी व्यासात मिसळते.

मोटर चार ध्रुवांची इंडक्शन जातीची आहे. ५० हर्ट्‌झवर तिचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, पण दांडा त्या क्षेत्राच्या नेहमी थोडा मागे राहतो. निरोगी अवस्थेत या यंत्राचा दांडा १४०० च्या आसपास फिरायला हवा. किती मागे राहायचे हे ओझ्यावर ठरते: वंगण घट्ट झाले, व्होल्टेज उतरले, बुश (दांडा ज्यांत टेकून फिरतो त्या धातूच्या कड्या) आवळले गेले, की दांडा आणखी मागे पडतो. थोरन्स टीडी १६० सारख्या पट्ट्याच्या यंत्रात सिंक्रोनस मोटर असते, ती ठरलेल्या वेगाने फिरते किंवा मग थांबतेच, आणि म्हणून तिथे मंदपणाचा पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा लागतो. इंडक्शन मोटरच्या यंत्रात पहिला संशय घर्षणावर घ्यावा, असा माझा अनुभव आहे.

मोजणी

सुरावरून गती ओळखणे चुकीचे नाही, पण ते पुरेसे नसते. गती सुमारे सहा टक्के बदलली की सूर एका पट्टीने बदलतो, तेव्हा काळी एकचा षड्ज पांढरी एकवर येणे म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांची तूट, हे गुरुजींच्या कानावरूनच कळत होते. तथापि गायकाने ध्वनिमुद्रणाच्या वेळी तानपुरा नेमका किती हर्ट्‌झवर मिळवला होता हे कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि ७८ च्या तबकड्यांवरून काढलेल्या एलपीत तर मूळ मुद्रणाच्या गतीचा आणखी एक घोळ असतो. म्हणून आधी घड्याळ. थाळीच्या कडेवर पांढऱ्या कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आणि रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना शंभर फेऱ्यांना लागणारा वेळ मोजला. ३३⅓ च्या गतीला शंभर फेरे बरोबर १८० सेकंदांत होतात, त्यामुळे या पद्धतीला कोणतेही उपकरण लागत नाही आणि मोजणारा अर्ध्या सेकंदाने चुकला तरी चूक पाव टक्क्याच्या आसपासच राहते.

सकाळी, घर गार असताना, शंभर फेऱ्यांना १९० सेकंद लागले, म्हणजे ५.३ टक्के तूट. गुरुजींचा कान खरा निघाला. यंत्र चाळीसेक मिनिटे चालू ठेवल्यावर हाच वेळ १८४ सेकंदांवर आला आणि तिथेच स्थिरावला. सुई उचलून मोजले तर एका सेकंदाचा फरक पडला. यातून दोन गोष्टी निघाल्या. तूट तापमानाबरोबर बदलते, म्हणजे वंगणाचा संबंध नक्की आहे. आणि सुईच्या घर्षणासारख्या क्षुल्लक ओझ्यानेही अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, म्हणजे मोटर आपल्या ताकदीच्या कडेवर चालली आहे. नाशिकचा जानेवारी अशा यंत्राची परीक्षाच घेतो. मे महिन्यात हीच तक्रार कदाचित कानाला जाणवलीही नसती.

गुरुजींच्या पुतण्याने मात्र या आधीच वेगळे निदान केले होते. त्याने इंटरनेटवरून रेघांची स्ट्रोब चकती (थाळीवर ठेवून लुकलुकत्या दिव्याखाली पाहिली की गती बरोबर असताना जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) छापून आणली होती आणि तिच्यानुसार यंत्र मंद नव्हे, चांगलेच वेगात होते. "काका, चकती खोटं कशाला सांगेल?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. चकतीवरच्या रेघा मोजल्या तेव्हा त्या २१६ निघाल्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. २१६ रेघा हा ६० हर्ट्‌झच्या अमेरिकी विजेचा हिशेब आहे. ती चकती आपल्या विजेवर स्थिर दिसायची तर थाळीला २७.८ फेऱ्यांपर्यंत उतरावे लागेल, आणि तोवर ती प्रत्येक यंत्राला वेगवानच ठरवणार. शिवाय खोलीतला एलईडी बल्ब इतका कमी लुकलुकत होता की रेघा नीट उमटतच नव्हत्या. जुन्या स्विचबोर्डावरच्या तांबूस निऑन इंडिकेटरजवळ चकती धरल्यावर त्या स्पष्ट झाल्या. १८० रेघांची चकती ठेवल्यावर, यंत्र तापलेले असताना, रेघा सेकंदाला दोनहून थोड्या अधिक मागे सरकत होत्या. ५० हर्ट्‌झवर ही एक मोठी सोय आहे: सेकंदाला एक रेघ मागे म्हणजे एक टक्का तूट, वेगळे गणित करावे लागत नाही.

तरीही स्ट्रोबवर पूर्ण विसंबू नये, कारण तो विजेच्याच ठेक्यावर गती मोजतो. वीजच मागे पडली तर सिंक्रोनस मोटर आणि दिवा दोन्ही सारखेच मागे पडतात आणि रेघा मात्र स्थिर दिसतात. नव्वदच्या दशकात ऐन संध्याकाळी पश्चिम भारतातली वारंवारता ४९ हर्ट्‌झच्या खाली जात असे, आणि त्या काळातल्या रसिकांना रात्री रेकॉर्ड उतरल्यासारखी वाटत असेल तर तो भास नव्हता. आज परिस्थिती वेगळी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून देशभर एकच वारंवारता असते आणि ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकाला तूट ०.२ टक्क्यांची. एकलहऱ्याचे वीजनिर्मिती केंद्र जवळ म्हणून नाशिकला वीज अधिक 'ताजी' मिळते, हा एका शेजाऱ्यांचा युक्तिवाद या बाबतीत गैरलागू आहे. घरातल्या इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नये एवढे मात्र सांगितले, कारण त्याची चौकोनी लहर मोटरला गुरगुरायला लावते.

वर्कशॉपमध्ये यंत्र डिमरस्टॅटला, म्हणजे व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला, जोडले. २३० व्होल्टवरून २०५ वर उतरवताच गती आणखी दोन टक्क्यांनी घसरली. इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे थोडा फरक कोणत्याही यंत्रात पडतोच, पण निरोगी यंत्रात तो इतका ठळक नसतो. व्होल्टेज निवडण्याची आतली जोडणी बरोबर होती. ६० हर्ट्‌झची पुली चुकून बसली असती तर तूट १६.७ टक्के आली असती, तेव्हा तोही प्रश्न निकालात निघाला.

राहिली थरथर. गतीतल्या लहरीचा ठेका मोजला की तिचे घर सापडते, आणि या यंत्रात ते गणित सोपे आहे. थाळीचा किंवा रेकॉर्डच्या भोकाचा दोष १.८ सेकंदांनी एकदा येतो. सुमारे ५० मिलिमीटरच्या आयडलर चाकाला एका जागी चपटेपणा आला असेल तर तो सेकंदाला तीनदा जाणवतो. पुलीचा दोष सेकंदाला तेवीस वेळा येतो, तो लहर म्हणून नव्हे तर स्वराच्या अंगावरच्या काट्यासारखा ऐकू येतो. ३१५० हर्ट्‌झच्या स्वराची चाचणी-रेकॉर्ड लावून संगणकावर आलेख काढला, तेव्हा तीनचा ठेका किंचित होता आणि तेवीसचा ठळक.

उघडल्यावर

प्लग काढून थाळी उचलली आणि पुलीवर बोट फिरवले, तेव्हा बोटाला एक कड लागली. ३३⅓ च्या पायरीवर पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा होता. पूर्वी कोणीतरी वेग वाढवण्यासाठी हा उपाय केला होता, आणि हिशेब म्हणून तो अचूकच होता: पट्टीची जाडी सुमारे ०.०५ मिलिमीटर, व्यासात वाढ ०.१, म्हणजे ६.४ वर दीड टक्क्याहून जास्त. पण पट्टीची दोन टोके जिथे एकमेकांवर चढली होती तिथे पुलीला उंचवटा आला होता, आणि तो उंचवटा मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा चाकाला धक्का देत होता. सेकंदाला तेवीस धक्के. गुरुजींच्या 'बसलेल्या घशा'चे उगमस्थान ते होते.

पट्टी काढून, डिंकाचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, इतर कशालाही हात न लावता पुन्हा मोजले. तापलेल्या अवस्थेत शंभर फेऱ्यांना आता १८७ सेकंद लागले. हा आकडा वाईट दिसला तरी तोच खरा होता, ३.७ टक्क्यांची तूट, म्हणजे दांडा १४०० ऐवजी १३५० च्या आसपास फिरत होता. काम येथून सुरू झाले. थरथर पट्टी निघताच गेली होती, त्यामुळे त्या टप्प्यावर यंत्र परत घेण्याची गुरुजींची तयारी होती. त्यांना थांबवावे लागले.

आयडलर चाक दूर ठेवून मोटर एकटी चालवली आणि बंद केली. चांगली मोटर बंद केल्यावर काही सेकंद रेंगाळत थांबते. ही जवळजवळ तत्क्षणी थांबली. थाळीला हाताने ३३ च्या अदमासाने फिरवून सोडले, तर ती वीसेक सेकंदांत थांबली. एवढ्या वजनाची थाळी चांगल्या बेअरिंगवर मिनिटाहून कितीतरी अधिक फिरत राहायला हवी. घर्षण दोन्ही ठिकाणी होते.

मोटर खोलताना वरच्या-खालच्या भागांवर आधी खुणा केल्या, कारण उलटसुलट जोडणी झाली तर दांडा मूळ जागी बसत नाही. बुश सच्छिद्र ब्राँझचे आहेत. तेल त्यांच्या अंगातच मुरलेले असते आणि भोवतालची नमद्याची कडी ते पुरवत राहते. येथे नमदा कोरडा ठणठणीत होता आणि बुशच्या आत तपकिरी राळेसारखा थर होता, बहुधा कधीतरी मारलेल्या गंजनाशक स्प्रेचा. असा स्प्रे पहिले काही दिवस यंत्राला हुशारी आणतो आणि नंतर वाळून बुशची छिद्रे बुजवतो. तो मोटरच्या बुशला कदापि मारू नये. बुश स्वच्छ करून कोमट टर्बाइन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवले, नमदा बदलला. जोडणी करताना स्क्रू एकदम आवळले नाहीत. हे बुश गोलाकार बैठकीत थोडे हलू शकतात. स्क्रू अर्धवट आवळून, मोटरच्या अंगावर लाकडी मुठीने हलके ठोके देत दांडा फिरवत राहिले की एका क्षणी तो मोकळा होतो, आणि मग स्क्रू पाळीपाळीने पूर्ण आवळायचे. या एका कृतीवर जितका वेळ जाईल तितका जाऊ द्यावा. दांडा बोटाने फिरवून सोडल्यावर झटक्याने न थांबता विरत थांबला, तेव्हाच मोटर परत बसवली. वेळ १८२ सेकंदांवर आला.

थाळीच्या मुख्य बेअरिंगमधले ग्रीस थंडीत गोठलेल्या काकवीसारखे झाले होते आणि सकाळच्या जास्तीच्या तुटीत त्याचा वाटा मोठा असणार. ते पूर्ण धुऊन काढले. तळच्या टेकूच्या पट्टीला गोळीने पाडलेला बारीक खळगा होता. पट्टी उलटी करून कोरी बाजू वर घेतली. ग्रीसऐवजी मध्यम दाटपणाचे तेल घातले. आता थाळी हाताने सोडल्यावर दीड मिनिटाहून अधिक फिरत राहिली आणि शंभर फेऱ्यांचा वेळ १७९ झाला.

आयडलर चाकाचे रबर निबर आणि चकचकीत झाले होते. चाकावर खडूची खूण करून, थाळीला बोटाचा हलका दाब दिल्यावर खूण पुढे जाई आणि थाळी मागे राही, म्हणजे घसर होतीच. बारीक पॉलिश पेपरने चकाकी उतरवता आली असती, पण चाकाचा चपटेपणा त्याने गेला नसता. छापखान्यांच्या रोलरना रबर चढवून देणारे कारागीर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. त्यांच्याकडून चाकाला नवे रबर चढवून, ते चाकाच्याच बुशवर केंद्रित करून ग्राइंड करून घेतले. शाईच्या रोलरइतके मऊ रबर नको, हे त्यांना बजावून सांगावे लागते, कारण मऊ रबराला पुलीची खाच लवकर पडते. चाकाला ओढणारी स्प्रिंग आखूड करून दाब वाढवण्याचा उपाय अनेकजण सुचवतात; त्याने घसर थांबते आणि मोटरची घरघर थेट सुईपर्यंत पोहोचते. स्प्रिंग आहे तशी ठेवली.

शेवटी, ब्रेक पूर्ण सुटलेला असताना, शंभर फेरे १७७ सेकंदांत झाले. ही जवळपास पावणेदोन टक्क्यांची शिल्लक पाहूनच यंत्र दुरुस्त झाले असे म्हणता आले, कारण आता नॉबला करण्यासारखे काही उरले होते. नॉब मध्यावर आणल्यावर वेळ १८० वर आला, ३१५० हर्ट्‌झचा स्वर दोन-तीन हर्ट्‌झच्या आत स्थिर राहिला, आणि डिमरस्टॅटवर २०५ व्होल्टला गती अर्ध्या टक्क्याहूनही कमी उतरली. गार सकाळी पहिल्या दहा मिनिटांत एखाद्या सेकंदाची तूट अजून राहते. ती तेलाची आणि इंडक्शन मोटरची प्रकृती आहे आणि तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

यंत्र परत नेल्यावर गुरुजींनी एका एलपीबद्दल पुन्हा तक्रार केली, की स्वर झोक्यासारखा वरखाली होतो. ठेका १.८ सेकंदांचा होता. टोनआर्म प्रत्येक फेऱ्याला आतबाहेर झुलताना डोळ्यांनी दिसत होता, म्हणजे त्या तबकडीचे भोकच मध्यापासून सरकलेले होते. भोक अर्धा मिलिमीटर सरकले तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर गती अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली होते. इतर तबकड्यांवर तसे काही नव्हते, तेव्हा यंत्राकडे पुन्हा पाहण्याचे कारण नव्हते. यंत्र बंद केल्यावर गतीचा खटका मधल्या मोकळ्या स्थितीत ठेवायचा, म्हणजे पुली रबरात रुतून बसत नाही, एवढी एक सवय त्यांना लावून घ्यावी लागली.

४५ ची गती ठीक होती. ७८ ला यंत्र अर्ध्या टक्क्याने पुढे पळते, कारण पुलीच्या तिन्ही पायऱ्यांना नॉब एकच आहे आणि पायऱ्यांमधला सूक्ष्म फरक त्याने मिटत नाही. गुरुजींकडे जुन्या नाट्यपदांच्या तबकड्यांचा एक गठ्ठा आहे, आणि त्या काळातली सगळी मुद्रणे काटेकोर ७८ फेऱ्यांवर झालेली नसल्यामुळे तिथे घड्याळाचा आणि स्ट्रोबचा अधिकार संपतो. त्या तबकड्यांसाठी पेटीवर षड्ज धरून, कानाने, नॉब हवा तसा फिरवावा असे ठरले. एलपी लावताना तो परत मध्यावर आणण्यासाठी नॉबच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेवला आहे.